व्याह्यांचं अर्थिंग

आमच्या व्याह्यांइतका देवावर बेताचा आणि अर्थिंगवर अपरंपार विश्वास असलेला माणूस अख्ख्या मावळात दुसरा सापडायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. घर परंदवडीला, थोडी भातशेती, आणि उभी हयात गेली ती सुदुंबऱ्याकडच्या एका कारखान्यात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, भजनी मंडळात बसतात, सोसायटीच्या निवडणुकीत पडतात. ह्यांनी घराच्या मागच्या भिंतीलगत एक खोल खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, मिठाचे आणि कोळशाचे थर भरले, मधोमध एक पाइप रोवला आणि त्या पाइपात रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी घालायला सुरुवात केली. घरातली भरकटलेली वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत निघून जावी म्हणून ही सोय असते, आणि जमीन कोरडी पडली की ती सोय नावापुरती उरते, हे आता मला पाठ झालं आहे. गावाला मात्र ते कळायला वेळ लागला. एकदा मी तिथे असतानाच शेजारचे एक आबा कुंपणापाशी थांबले आणि म्हणाले, "काय लावलंय हितं, भाऊ?" व्याही म्हणाले, "अर्थिंग." आबा बराच वेळ त्या ओल्या मातीकडे बघत राहिले. "येवढं पानी घालताय, मंग उगवंना का अजून?" व्याह्यांनी दुसरी बादली पुरती रिकामी केली आणि शांतपणे सांगितलं, "ते वर येत न्हाई. खाली जातं." त्यानंतर आबांनी म्हणे माझ्या जावयाला बाजूला घेऊन वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली.

माझी आणि त्यांची पहिली भेट लग्नाच्या बैठकीतली. मी विधवा बाई, घर लोणावळ्यात भांगरवाडीला, दोन खोल्या आणि मागे जरा मोकळी जागा. माझ्या बाजूने बोलायला फक्त माझा भाऊ. मुलाकडची सात-आठ माणसं सतरंजीवर मांडी घालून बसली होती, आणि आता देण्याघेण्याचं काय निघतं या विचाराने माझ्या भावाने तीन वेळा कपाळ पुसलं होतं. चहा झाला. मुलाचे वडील खाकरले आणि म्हणाले, "आमची एकच अट हाय." भावाचा चेहरा उतरला. "घराला अर्थिंग हाय का?" मी म्हणाले, मला ठाऊक नाही. त्यावर नवरदेवाच्या बापाने बैठकीसाठी घातलेल्या परीटघडीच्या नेहरू शर्टच्या आतल्या खिशातून टेस्टर काढला, माझ्या स्वयंपाकघरातल्या बोर्डापाशी गेले, मीटरच्या पेटीत डोकावले आणि परत येऊन, एखाद्याच्या मयताची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "न्हाई." मग माझ्या मुलीकडे पहिल्यांदाच नीट बघून पुढे म्हणाले, "अशा घरात ल्हानाची मोठी झाली. पोरगी नशिबाची हाय." देण्याघेण्याचा विषय पुन्हा निघालाच नाही. पुढच्या रविवारी ते पहार, कोळशाचं पोतं आणि खडेमीठ घेऊन आले आणि माझ्या मोरीमागे दुपारपर्यंत खणत राहिले. माझा भाऊ अजून सांगतो की मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी येऊन खड्डा खणलेला त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. जाताना व्याह्यांनी मला बजावलं, "पावसाळ्यात हितं आभाळ पानी घालतं. बाकी आठ म्हयनं तुमी घालायचं, विहीणबाई."

आता अशा माणसाचा मान राखायचा म्हणजे काय, हा प्रश्न मला पुढे वर्षानुवर्षं छळत आला. आमच्याकडे व्याही घरी आले की टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन पाठवणी करायची रीत आहे. नको नको म्हणायचं, मग घ्यायचं, अशीही रीत आहे. हे कधीच नको म्हणाले नाहीत. टॉवेल हातात पडला की त्याचं पोत अंगठ्याने तपासून बघायचे आणि "ह्यो चांगला हाय, सूत सुटत न्हाई," असा शेरा मारून पिशवीत टाकायचे. निवृत्तीनंतर ते आपल्या आपण कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले होते, आणि पंख्यावरची धूळ टिपायला मानाच्या टॉवेलासारखं फडकं नाही असा त्यांचा अनुभव होता. दुसरी त्यांची सवय लिहिण्याची. आमच्या मुलांच्या लग्नाच्या दोनेकशे पत्रिका उरल्या होत्या आणि त्यांची मागची बाजू कोरी होती. प्रत्येक बिघाडाला ते एक पत्रिका वापरत. पुढे गणपती, दोन्ही घराण्यांची नावं, आहेर आणू नये अशी विनंती, आणि मागे बारीक अक्षरात "काय होतंय, काय बदललं, काय करून पाहिलं, कारण." तिसरी सवय अशी की मशीन उघडण्यापूर्वी जवळच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. हा नियम बघ्यांनाही होता. एकदा सोमाटण्याच्या एका किराणा दुकानात ते कॉम्प्युटर दुरुस्त करत असताना मालक, मालकाची आई आणि दोन गिऱ्हाइकं शटरच्या पट्टीला हात लावून मुकाट उभी होती. तिसऱ्या गिऱ्हाइकाने ते बघितलं, चपला काढल्या आणि तोही हात लावून उभा राहिला.

पण या सगळ्यांपेक्षा मोठी त्यांची दोन वाक्यं. पहिलं, "काय बदललं?" दुसरं, "एका वेळी एकच." त्यांचं म्हणणं असं की चालती गोष्ट आपोआप बंद पडत नाही, कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं, आणि ते शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट पहिल्यासारखी करून पाहायची. दोन केल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. हे तत्त्व ते घरातही चालवत. एकदा त्यांच्या सौभाग्यवती नुसतं म्हणाल्या की हल्ली चहाला चव नाही. झालं. पहिल्या दिवशी फक्त पत्ती बदलली. दुसऱ्या दिवशी जुनी पत्ती आणि फक्त दूध दुसरं. मग पाणी विहिरीचं, मग साखर, मग पातेलं. आठवडाभर घरात कुणाला धड चहा मिळाला नाही, माझी मुलगी फोनवर रडकुंडीला आली होती, आणि आठव्या दिवशी नवीन गाळणं पकडलं गेलं. त्याची पत्रिका मी स्वतः पाहिली आहे. "कारण : गाळणं (प्लास्टिकचा वास)." मी तेव्हा खूप हसले. पुढे याच माणसाच्या याच वेडावर माझी भाकरी तरली, तेव्हा हसणं सुचलं नाही.

माझं काम नकाशे काढण्याचं. लग्नाआधी मी एका आर्किटेक्टकडे शाईच्या पेनने ट्रेसिंग करायची. रेघ पुसट आली तर ब्लेडने खरवडून पुन्हा काढायची, आणि माझी रेघ खरवडावी लागत नसे, हे मी अजूनही सांगते. नवरा गेल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि घरातूनच बंगल्यांची त्रिमिती चित्रं करू लागले. तुंगार्ली, कुरवंडे, खंडाळा, कुठलाही उतार असो, त्यावर घर कसं बसेल ते मी पडद्यावर उभं करून, चारी बाजूंनी फिरवून दाखवते. मुलगी त्याच्यावर शिकली, तिचं लग्न त्याच्यावर झालं. तर तीन वर्षांमागे माझ्या बिल्डरच्या इंजिनियरने सांगितलं की इथून पुढे फाइल नव्या आवृत्तीत पाहिजे. नव्या सॉफ्टवेअरला ग्राफिक्स कार्ड दांडगं लागतं, म्हणजे चित्र काढण्याचं अवजड काम अंगावर घेणारा कॉम्प्युटरमधला वेगळा भाग. पुण्यातल्या एका दुकानातून जुनं पण "एकदम भारी" म्हणून एक कार्ड बसवून आणलं, आणि त्या दिवसापासून माझी घरं कोसळू लागली. कुरवंड्याच्या एका बंगल्याचं काम होतं. मी घर जरा फिरवायला घेतलं की आधी छप्पर नाहीसं व्हायचं, मग भिंतींचे काळे त्रिकोण व्हायचे आणि सगळंच बंद पडायचं.

दुकानदार फोनवर म्हणाला, "काकू, मशीन जुनं झालंय. नवीनच घ्या." इंजिनियर म्हणाला, "ताई, आठ दिवसांत नाही जमलं तर हे काम दुसरीकडे देतो, आणि पुढचंही मग तिकडेच जाईल. राग मानू नका." आणि जावई, जो माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नाही, तो मऊपणाने म्हणाला, "आई, आता पुरे झालं. किती दिवस डोळे फोडणार? घर भाड्याने देऊ, तुम्ही परंदवडीला या." त्याच्या मनात माया होती हे मला कळत होतं, म्हणून जास्तच लागलं. मशीन जुनं झालं असं दुकानदार म्हणाला तेव्हा मला राग आला होता. जावई बोलला तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन आरशात बघितलं. मुलीच्या सासरी पाणीही पिऊ नये असं मानणाऱ्या घरात मी वाढले, आणि आता मला तिथे कायमचं जाऊन बसावं लागणार होतं, दुपारी शेंगा सोलत आणि कुणी विचारलं तर सांगत की मी पूर्वी नकाशे काढायची. मी रात्रभर जागी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मला भीती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून व्याही आले. मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर येईपर्यंत मुलाचा बाप माझ्या टेबलाखाली गेलेला होता, नुसती पावलं बाहेर. व्याह्यांच्या पावलांशी पोह्यांची बशी घेऊन कसं उभं राहावं याची रीत मला कुणी शिकवली नव्हती. खालून आवाज आला, "काय बदललं?"

"काहीच नाही, भाऊ."

"काय बदललं न्हाई, तर बिघडंल कशापायी?"

मग एकेक आठवू लागलं. सॉफ्टवेअर नवीन. कार्ड नवीन. भिंतीला ओल आली म्हणून टेबल खिडकीपासून आतल्या बाजूला सरकवलं होतं. खुर्चीवर उशी नवीन घेतली होती. त्यांनी पत्रिकेच्या मागे सगळं लिहिलं, उशीसकट. मी म्हटलं, उशीचा काय संबंध? ते म्हणाले, "ते ठरवनारं आपुन कोन?" आणि खरोखर, एका वेळी एकच या न्यायाने, मला अर्धा तास बिनउशीची बसवून घर फिरवायला लावलं. घर कोसळलं. उशी निर्दोष सुटली. पोहे गार झाले. कारण सापडल्याशिवाय ते खात नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी टेबलाची पाळी आली. त्यांनी मशीनची मागची बाजू पुढे वळवली, बॅटरी मारून बघितलं. मग मला वाकून बघायला सांगितलं. मॉनिटरची वायर जोडायला मागे दोन सॉकेटं होती, दिसायला अगदी जुळी. एक वर, जुनं, मशीनचं स्वतःचं, आणि एक खाली, नव्या कार्डाचं. टेबल सरकवताना मी वायर काढली होती आणि परत लावताना हाताला जे आधी लागलं त्या वरच्या सॉकेटात खुपसली होती. माझं एवढं भारी कार्ड आत बिनकामाचं बसलेलं होतं आणि सगळं ओझं जुन्या बिचाऱ्या चिपवर पडत होतं. "पाव्हना घरात आलाय," व्याही म्हणाले, "आन त्याला कुनी काम सांगितलंच न्हाई." मी शरमेने लाल झाले. इतकी वर्षं नकाशे काढणारी बाई, आणि वायर कुठे लावावी हे चुकले. त्यांनी पत्रिकेवर लिहिलं, "कारण एक : वायर." माझं नाव लिहिलं नाही. मी तसं म्हटलं तर मान वर न करता म्हणाले, "चुकलं काय ते लिवायचं. कोन चुकलं ते न्हाई. न्हाईतर लोक सांगायचं बंद करत्यात."

वायर खाली लावली, मी घर फिरवलं, आणि या वेळी पूर्ण पडदाच काळा झाला. माझ्या डोळ्यांपुढेही अंधारी आली. ते मात्र खुलले. "ह्ये चांगलं झालं. आता दुसरं कारन दिसंल." सॉफ्टवेअरच्या कंपनीने कोणती कार्डं आपल्याला मानवतात आणि प्रत्येकाबरोबर कोणता ड्रायव्हर घालावा याची एक यादी दिलेली असते. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणी करून देणारा प्रोग्राम. व्याह्यांनी ती इंग्रजी यादी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत, पोथी वाचावी तशी वाचली. माझ्या कार्डाचं नाव यादीत होतं. ड्रायव्हर बदलला, पडदा काळा. जुना घातला, तरी काळा. तीन दिवस ते परंदवडीहून येत होते आणि तीन दिवस मी गार पोहे उचलत होते. इंजिनियरने दिलेले आठ दिवस संपत आले होते आणि मी मनातून हात टेकले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कार्ड बाहेर काढलं, तळहातावर तोललं आणि विचारलं, "येवढ्या ताकदीचं कार्ड, मंग ह्याला वेगळी वायर कुटं हाय?"

मला काही समजलं नाही. त्यांनी समजावलं. यादीत त्या नावाच्या कार्डाला वीज इतकी लागते की तिच्यासाठी स्वतंत्र जाड वायर जोडावी लागते. माझ्या कार्डाला ती जोडायला जागाच नव्हती. उभा जन्म मोटारी आणि केबल बघण्यात गेलेल्या माणसाला हे खुपलं होतं. त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला, मलाही लावायला लावला, कार्डावरचा पंखा सोडवला, खालची वाळलेली पांढरी पेस्ट मानाच्या टॉवेलने पुसली आणि चिपवरचा नंबर भिंगातून वाचून काढला. कार्ड खोटं होतं. म्हणजे कार्ड खरंच होतं, पण साधं, जुनं, लहान ताकदीचं. विकणाऱ्यांपैकी कुणीतरी त्याच्या आत मोठ्या कार्डाचं नाव भरून ठेवलं होतं. सॉफ्टवेअर नाव विचारायचं, कार्ड शिकवल्याप्रमाणे मोठं नाव सांगायचं, सॉफ्टवेअर त्या नावाच्या मापाचं ओझं टाकायचं, आणि कार्ड खाली बसायचं. मी दुकानदाराला मनसोक्त बोलून घेतलं. व्याही तेवढा वेळ कार्ड हातात धरून थांबले आणि मग म्हणाले, "ह्याची चुकी न्हाई, विहीणबाई. ह्याला दुसऱ्यानं खोटं बोलाय लावलं. ह्याला ह्याचं नाव परत दिऊ, आन झेपंल तेवढंच मागू."

त्या संध्याकाळी त्यांनी कुठून कुठून शोधून कार्डाचं मूळ नाव त्यात परत भरलं. यादीतला त्या नावासमोरचा जुना ड्रायव्हर घातला. सॉफ्टवेअरमधल्या सावल्या बंद केल्या, चकाकी बंद केली, रेघा गुळगुळीत करणारं काहीतरी असतं ते बंद केलं. मग म्हणाले, "फिरवा." मी कुरवंड्याचा बंगला फिरवला. तो हळू फिरला, जरा थांबत, धापा टाकत, पण छप्पर छपराच्या जागी राहिलं आणि मागचा डोंगर मागे राहिला. मी चारी बाजूंनी फिरवला, मग पुन्हा फिरवला, आणि मला रडू आलं. त्यांनी तिकडे लक्ष न देता पोहे मागितले. त्याच वेळी जावई त्यांना शोधत आला होता. दारातूनच म्हणाला, "अप्पा, किती हळू चालतंय हे. आईंना कशाला हा त्रास? थकल्यात त्या." व्याही बशीतून मान वर न करता म्हणाले, "थकलं म्हनायच्या आदी काय बदललं ते बगावं. तुला लगीच नवीन आनायचं नायतर बंद करायचं सुचतं." मुद्दा कार्डाचा होता की माझा, हे जावयाने विचारलं नाही, पण परंदवडीला राहायला येण्याचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही. कुरवंड्याचं काम मी वेळेत दिलं. बिल्डर अजून माझ्याकडेच येतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला व्याह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतो, बोलणं तुटक झालं. घरच्यांनी सेवेत कसूर केली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. वेळेवर औषध, मालिश, मऊ भात. पण दोन महिन्यांनी मी नेहमीसारखी भेटायला गेले तर ते कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, समोर टीव्ही चालू होता, आणि येणारा जाणारा त्यांच्याशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होता. त्यांची हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकलेली. माझी मुलगी हळूच म्हणाली, "आई, ते काही विचारतच नाहीत आता. आम्ही काही विचारायला गेलो की डोळे मिटतात. थकलेत." मी घरामागे गेले. पाइपाभोवतीची माती वाळून भेगाळली होती. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. सगळ्यांचा, आणि माझा स्वतःचा, कारण दोन महिने मीही येताना फळं आणत होते आणि "बरं वाटतंय ना भाऊ?" एवढंच मोठ्याने विचारून परत जात होते.

चार दिवसांनी मी माझं मशीन, मॉनिटर, सगळं जुन्या चादरीत गुंडाळलं आणि टेम्पो करून परंदवडीला नेलं. मुलगी दारातच चिडली. "आई, तुला कळतं का? आत्ता हे काय आणलंस त्यांच्यापुढे?" मी म्हटलं, "माझं काम अडलंय." आणि घरातलं एक टेबल त्यांच्या कॉटसमोर ओढून त्यावर मशीन मांडलं, चालू केलं, घर फिरवलं. छप्पर गेलं, भिंती काळ्या झाल्या, सगळं बंद पडलं. व्याह्यांनी टीव्हीवरून नजर काढली. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ मशीनच्या मागच्या बाजूकडे. मी खाली बघत होते. शेवटी त्यांचा डावा हात हलला आणि खिडकीच्या गजाकडे वळला. मी उठून गजाला हात लावला. त्यांनीही लावला. मग दोन महिन्यांत कुणी न ऐकलेलं वाक्य, जड जिभेने, तीन दमांत आलं.

"काय... बद... ललं?"

"काहीच नाही, भाऊ."

"काय बदललं न्हाई... तर..." पुढचे शब्द येईनात. ते कष्टी झाले. मी म्हटलं, "तर बिघडेल कशापायी." त्यांनी मान हलवली.

आणि मग त्या दुपारी त्यांनी मला दोन तास राबवलं. पिशवी माळ्यावरून खाली आली. ड्रायव्हर बघायला लावला. सावल्या बंद आहेत का ते बघायला लावलं. कार्ड काढून, धूळ पुसून परत बसवायला लावलं. ते बोटाने दाखवायचे, मी करायची, चुकले की डावा हात कॉटवर आपटायचे, आणि मी "एका वेळी एकच, कळलंय मला," म्हणून उलट बोलायची. माझा जावई दारात येऊन उभा राहिला होता. त्याने टीव्ही कधी बंद केला ते मला कळलं नाही. शेवटी, बाकी काही उरलं नाही तेव्हा, व्याह्यांनी मशीनच्या मागे बोट दाखवलं. "वायर." मी वरच्या सॉकेटातली वायर काढून खालच्या सॉकेटात लावली. घर फिरलं. हळू, पण सगळं जागेवर.

त्यांनी पत्रिका मागितली. मी आमच्या मुलांच्या लग्नाची एक पत्रिका उलटी करून मांडीवर घेतली आणि ते सांगतील तसं लिहू लागले. काय होतंय ते झालं. काय करून पाहिलं ते झालं. मग ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "ह्ये... तुमी... मुद्दाम."

मी खोटं बोलू शकले नाही. "हो," म्हटलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"आदीच."

मुलगी पदर डोळ्यांना लावत होती. त्यांनी पत्रिकेवर डावं बोट टेकवलं, जिथे मी अजून एक ओळ मोकळी ठेवली होती. मी विचारलं, "काय बदललं, त्याच्यापुढे काय लिहू? वायर?" त्यांनी मान नकारार्थी हलवली आणि या वेळी, न अडखळता, म्हणाले, "काय न्हाई." मी तसंच लिहिलं. मग ते मागे टेकले आणि म्हणाले, "पानी." माझी मुलगी धावत पेला घेऊन आली. त्यांनी तो डाव्या हाताने बाजूला सारला आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं.

मी मोरीतली बादली भरून घेतली आणि घरामागे गेले. कुंपणापलीकडचे आबा एका विहीणबाईला व्याह्यांच्या परसात बादली घेऊन फिरताना बघून जागेवर थांबले, पण काही विचारलं नाही. मी पाइपात सावकाश पाणी ओतलं. ते खाली जाताना बराच वेळ ऐकू येत होतं. बादली रिकामी झाली तशी खिडकीतून हाक आली.

"अजून... एक."

मी बादली पुन्हा भरायला आत गेले.